सीडीचा तहनामा आणि जुन्या यंत्रांचे आयुष्य

यंत्रांच्या जगात नवे ते सरस आणि जुने ते त्याज्य हा न्याय आपण इतक्या सहजपणे मान्य केलेला आहे की, त्याला अपवाद असू शकेल ही शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि दूरध्वनी, संगणक, छायाचित्रणाची उपकरणे यांचा गेल्या चाळीस वर्षांतील इतिहास पाहता या न्यायाला भरपूर पुरावा सापडतो, हेही नाकारता येणार नाही. तथापि लेसरच्या किरणाने तबकडी वाचून संगीत ऐकविणारे जे यंत्र सीडी प्लेअर या नावाने आपल्याकडे आले, त्याला हा न्याय लावू गेल्यास पंचाईत होते. १९८५ ते २००० या पंधरा वर्षांत युरोप आणि जपानमधील नामांकित कारखान्यांनी या जातीची जी उंची यंत्रे घडविली, त्यांतील पुष्कळशी आजही चालू स्थितीत आहेत, त्यांची खरेदीविक्री होते, आणि आजच्या यंत्रांशेजारी ठेवून ती ऐकणारे जाणकार रसिक जुने यंत्र तसूभरही कमी नाही असा अभिप्राय देतात. हा अभिप्राय केवळ गतकाळाविषयीच्या ममत्वातून येतो, की त्याला काही वस्तुनिष्ठ आधार आहे, याचा निवाडा करायचा तर या यंत्राच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. कारण त्याच्या दीर्घायुष्याचे बीज जन्मवेळी झालेल्या एका करारात आहे.

हॉलंडमधील आइंडहोवेन हे फिलिप्स कंपनीचे गाव. तेथे ८ मार्च १९७९ रोजी कंपनीने वार्ताहरांना पाचारण करून एक लहानशी चकचकीत तबकडी आणि ती वाजविणारे यंत्र यांचे प्रात्यक्षिक दाखविले. ज्यांच्या देखरेखीखाली १९६३ साली याच कंपनीची कॅसेट निर्माण झाली होती, ते अभियंते लू ऑटेन्स या खटाटोपातही अग्रभागी होते. परंतु एकट्याच्या बळावर नवी पद्धत जगाच्या गळी उतरविता येत नाही, हे फिलिप्सच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते. व्हिडिओ टेपच्या क्षेत्रात परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींचे जे युद्ध त्याच वेळी जुंपले होते, त्यात ग्राहकाची कशी दुर्दशा होते हे सारे जग पाहत होते. म्हणून फिलिप्सचे शिष्टमंडळ आपले यंत्र घेऊन जपानला गेले, आणि तेथे सोनी या कंपनीशी त्यांचे सूत जुळले. अंकीय ध्वनिमुद्रणाचे संशोधन जपानच्या नभोवाणी संस्थेत सुरू करून पुढे सोनीत आलेले हेइतारो नाकाजिमा आणि त्यांचे सहकारी तोशितादा दोई हे एका बाजूस, तर केस शूहॅमर इमिंक यांच्यासारखे डच अभियंते दुसऱ्या बाजूस, अशा बैठका कधी आइंडहोवेनला तर कधी टोकियोला भरू लागल्या, आणि १९८० साली त्यांतून एक मसुदा तयार झाला. त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून तो रेड बुक या नावाने प्रसिद्ध आहे.

या वाटाघाटींत प्रत्येक कलमावर घासाघीस झाली. ध्वनिलहरीचे मापन सेकंदाला किती वेळा घ्यावयाचे, या प्रश्नाचे ४४,१०० हे विचित्र दिसणारे उत्तर निघाले त्याचे कारण असे की, त्या काळी अंकीय ध्वनिमुद्रण साठविण्यास व्हिडिओ टेपवाचून दुसरे सोयीचे साधन नव्हते, आणि चित्राच्या प्रत्येक रेघेत तीन मापने बसविली म्हणजे अमेरिकी व युरोपीय या दोन्ही दूरचित्रवाणी पद्धतींत हाच एक आकडा जमत होता. प्रत्येक मापन किती बिटांत लिहावयाचे याविषयी फिलिप्सचा आग्रह १४ चा होता, कारण तेवढ्या क्षमतेची आयसी त्यांच्या हाती तयार होती. सोनीने १६ चा धोशा लावला आणि तो मान्य झाला. तबकडीचा व्यास फिलिप्सच्या मते साडेअकरा सेंटिमीटर पुरेसा होता, पण अखेर तो १२ सेंटिमीटर ठरला आणि वादनाचा अवधी सुमारे ७४ मिनिटे झाला. बेथोव्हनची नववी सिंफनी एका तबकडीवर अखंड मावली पाहिजे, असा हट्ट सोनीचे संगीतज्ञ अधिकारी नोरिओ ओगा यांनी धरला आणि त्यामुळे व्यास वाढला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्ष बैठकांत असलेल्या इमिंक यांनी मात्र पुढे लिहून ठेवले आहे की, साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकड्या छापण्याची फिलिप्सच्या गोटाची तयारी आधीच झालेली असल्याने ती आघाडी मोडून काढण्याचा व्यापारी हेतूही त्यामागे होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यास अर्थातच प्रत्यवाय नाही.

या दस्तऐवजाचे महत्त्व आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोठे आहे. तबकडीवर किती माहिती असेल, ती कोणत्या रीतीने लिहिलेली असेल आणि कोणत्या रीतीने वाचावयाची, हे सर्व त्यात कायमचे मुक्रर झाले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये हॅनोव्हरनजीकच्या लांगेनहागेन येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या तबकड्या आणि या वर्षी छापलेली तबकडी यांत या दृष्टीने अणुमात्र फरक नाही. सेकंदाला ४४,१०० मापने म्हटली की त्यांत सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचाच, म्हणजे निरोगी तरुण कानाच्या मर्यादेइतकाच नाद मावतो; १६ बिट म्हटले की अतिमंद आणि अतितीव्र ध्वनींतील अंतर सुमारे ९६ डेसिबलपर्यंतच जाते. संगणकाच्या बाबतीत कामाचा बोजा वर्षागणिक वाढत गेला आणि म्हणून जुना संगणक लंगडा पडला. सीडी प्लेअरपुढचे काम मात्र १९८० सालीच नेमून दिलेले आहे आणि त्यात एका बिटाचीही भर पडलेली नाही. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की, हे नेमून दिलेले काम निर्दोषपणे पार पाडण्याची कला यंत्रकारांना कोणत्या साली साधली. ज्या साली ती साधली, त्यानंतरच्या यंत्रांना तबकडीतून अधिक काही काढून दाखविण्यास वावच नाही.

पहिल्याच यंत्रांत ती साधली नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानात १,६८,००० येन किमतीला विक्रीस आणलेले सीडीपी-१०१ हे यंत्र बांधणीने भक्कम होते. पण अंकांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारी एकच आयसी डाव्या आणि उजव्या बाजूंत आलटून पालटून वापरलेली असल्याने दोन्ही बाजूंच्या ध्वनीत सेकंदाच्या सुमारे ११ दशलक्षांशाइतके अंतर पडे, आणि २० किलोहर्ट्झच्या वरचा अनिष्ट अंश एका फटक्यात छाटण्यासाठी जी कडेलोटासारखी तीव्र गाळणी बसविलेली होती, तिच्यामुळे वरच्या पट्टीतील स्वरांच्या कलेत (फेजमध्ये) फेरफार होई. फिलिप्सने आपल्या सीडी-१०० मध्ये, आणि त्याच्याच अंगावर बेतलेल्या मरांट्झ सीडी-६३ मध्ये, निराळी वाट धरली. त्यांच्या पदरी १४ बिटांचीच आयसी होती. तिला त्यांनी चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वेळा काम करावयास लावले, मधली मापने गणिताने भरून काढली, आणि या युक्तीने १६ बिटांच्या तोडीचा परिणाम साधून वर सौम्य गाळणीवर भागविले. ओव्हरसॅम्पलिंग या नावाने ओळखली जाणारी ही रीत पुढे साऱ्या धंद्याचा शिरस्ता झाली. दारिद्र्यातून सुचलेली युक्ती अखेर राजमान्य झाल्याचे हे एक सुंदर उदाहरण आहे.

१९८५ साली फिलिप्सची टीडीए-१५४१ ही खरी १६ बिटांची आयसी आली, आणि येथून या यंत्राच्या प्रौढ वयास आरंभ झाला. या आयसीत लहानमोठे विद्युत्‌प्रवाह एकमेकांशी काटेकोर प्रमाणात राखण्यासाठी रूडी व्हान द प्लासे यांनी शोधलेली पद्धत वापरलेली होती; प्रवाहांचे घटक सतत अदलाबदलीने वापरून त्यांच्यातील चुका सरासरीत बुडवून टाकावयाच्या, असे तिचे तत्त्व होते. पुढील आवृत्तीतील निवडक, मोजून पारखलेल्या नगांच्या पाठीवर मुकुटाचे चिन्ह छापून ते उंची यंत्रांसाठी राखून ठेवले जात. त्याच सुमारास यांत्रिक भागावरही असाच जीव ओतला गेला. फिलिप्सच्या सीडीएम-१ या वाचकयंत्रणेचा सांगाडा ओतीव धातूचा असून लेसरचे काचेचे भिंग एका लहानशा डोलत्या दांड्यावर बसविलेले होते. त्यात दाते नाहीत, पट्टा नाही, सरकणारी पट्टी नाही, आणि म्हणून झिजण्यासारखे फार थोडे. जपानच्या टीयॅक कंपनीने १९८७ साली एसोटेरिक या आपल्या उंची शाखेतून जी व्हीआरडीएस यंत्रणा आणली, तीत तबकडीला तिच्याच व्यासाच्या जड चकतीवर दाबून धरण्याची व्यवस्था होती, जेणेकरून ती फिरताना थरथरू नये. अ‍ॅक्यूफेज कंपनीने १९८६ साली वाचन आणि रूपांतर ही दोन कामे दोन स्वतंत्र पेट्यांत विभागली. स्वित्झर्लंडच्या स्टूडर कंपनीने नभोवाणी केंद्रांसाठी अहोरात्र चालणारी यंत्रे केली.

असे एखादे यंत्र झाकण काढून समोर ठेवावे म्हणजे त्या काळच्या कारागिरीची कल्पना येते. दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, एक मोटर आणि अंकीय मंडलांसाठी व दुसरा केवळ ध्वनीसाठी. तांब्याचा मुलामा दिलेला पत्र्याचा सांगाडा. मधोमध ती मोठी काळी आयसी आणि तिच्या दोन्ही अंगांना ओळीने उभे चौदा छोटे कपॅसिटर, प्रत्येकाकडे एकेका प्रवाहाची राखणदारी. तबकडी ठेवून कळ दाबली की प्रथम भिंग वरखाली होऊन पृष्ठभागाचा ठाव घेते, मग दांडा मध्याकडे झुकतो, तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागते आणि आतल्या कडेवर लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते; त्यानंतर किरण जसजसा बाहेरच्या कडेकडे सरकतो तसतसा हा वेग कमी होत सुमारे २०० फेऱ्यांवर येतो. मायक्रॉनभर लांबीच्या खाचांची ही वाट उलगडून मांडली तर सव्वापाच किलोमीटर भरेल, आणि तिच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन आहे. वाटेत ओरखडा आला तरी आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या अमेरिकी गणितज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या संकेतपद्धतीच्या बळावर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट पूर्णपणे भरून निघते. म्हणजे मूळचा आकडा जसाच्या तसा परत मिळतो.

एक दुखणे मात्र उशिरा ध्यानात आले. आकडे बरोबर असले तरी ते ज्या क्षणी रूपांतरित व्हावयाचे तो क्षण मागेपुढे झाला तर ध्वनीत विकृती येते. आणि १६ बिटांची अचूकता सर्वांत वरच्या पट्टीतही टिकवायची तर ही कालचूक १०० पिकोसेकंदांच्या आसपास राखावी लागते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. वाचनाची पेटी व रूपांतराची पेटी वेगळ्या केल्याने उलट हे दुखणे वाढण्याचा संभव होता, कारण दोघींमधील तारेतून काळाचा ताल सांभाळावा लागे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचे मापन व निवारण दोन्ही होऊ लागले, २० बिटांच्या आयसी आल्या, आणि माझ्या मते येथेच सीडी प्लेअरची विद्या पूर्णत्वास पोहोचली. १९९९ साली सोनीने एसएसीडी ही अधिक क्षमतेची तबकडी आणि तिच्यासाठी सुमारे २६ किलो वजनाचे एससीडी-१ हे यंत्र काढले, तो या कलेचा कळसही होता आणि एका नव्या, निराळ्या तहनाम्याचा आरंभही.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांचे या इतिहासाशी एक जिव्हाळ्याचे नाते आहे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण केले तेव्हापासून पुढे जवळजवळ अर्धशतक आपल्या गवयांना रागाचे सारे ऐश्वर्य तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावे लागले. लाँगप्ले तबकडीने एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटे दिली, तरी विलंबित ख्याल रंगात आला असताना बाजू उलटण्यास उठावे लागेच. ७४ मिनिटांच्या अखंड अवधीत आलापापासून द्रुतापर्यंतचा संपूर्ण विस्तार आणि दोन स्वरांमधली तंबोऱ्याची निर्मळ पार्श्वभूमी ही प्रथमच घरबसल्या मिळाली. बेथोव्हनसाठी भांडून घेतलेली जागा असो की व्यापारी डावपेचाने मिळालेली असो, तिचा लाभ आपल्या रागसंगीताला इतर कोणाहून कमी झालेला नाही.

आता नव्या यंत्रांकडे वळू. आजच्या एखाद्या मध्यम किमतीच्या यंत्रातील आयसीची क्षमता १२० डेसिबलच्याही पुढे जाते, कालचूक नगण्य असते, आणि विकृतीचे प्रमाण जुन्या यंत्रांच्या अनेक पटींनी कमी असते. मोजमापाच्या कसोटीवर नवे यंत्र निःसंशय सरस ठरते, आणि ज्याला जुन्याचा अभिमान आहे त्याने हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु तबकडीतच ९६ डेसिबलचा साठा असताना १२० डेसिबलच्या भांड्याने त्यात भर पडत नाही. अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक क्षमतेच्या तबकड्यांचा ध्वनी मध्येच सीडीच्या मर्यादेतून गाळून ऐकविला असता, ५५४ चाचण्यांत श्रोत्यांची उत्तरे निम्म्याच्या आसपासच बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून जो निकाल मिळाला असता तोच मिळाला. या प्रयोगावर आक्षेप घेतले गेले आहेत, पण सीडीची मर्यादा गाठलेल्या दोन यंत्रांतील फरक कानाला फारच सूक्ष्म असणार, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. त्याउलट एकाच गायनाच्या दोन वेगवेगळ्या छपायांत जो फरक आढळतो तो कोणालाही ऐकू येतो. कारण नव्वदच्या दशकापासून आवाज मोठा भासावा म्हणून ध्वनीचे चढउतार दाबून टाकण्याची जी खोड जडली, तिने कितीतरी तबकड्यांचे नुकसान केले. मूळ छपाई चांगली असेल तर जुने यंत्र ती सुंदर ऐकवील, आणि दबलेली असेल तर नवे यंत्र तिला उठवू शकणार नाही.

काही बाबतींत तर जुने यंत्र अधिक इमानी ठरते. आरंभीच्या अनेक तबकड्यांवर, विशेषतः जपानी छपाईच्या, वरच्या पट्टीतील नाद मुद्दाम वाढवून मुद्रित केलेला असे आणि वाजविताना तो उतरविण्याची खूण तबकडीवर नोंदलेली असे. जुनी यंत्रे ही खूण ओळखून आज्ञा पाळतात. तबकडी संगणकात उतरवून ऐकणाऱ्यांच्या हातून मात्र तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते आणि संगीत कर्कश वाटते. उलट जुन्या यंत्रांच्या उणिवाही आहेत. घरी लिहिलेल्या, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवरून प्रकाश फारच कमी परततो, तो त्यांना वाचता येत नाही. आणि ८० मिनिटांपर्यंत ताणलेल्या दाट वेढ्यांच्या तबकडीवर त्यांतील काही अडखळतात.

जुन्या यंत्राला खरा धोका आहे तो झिजेचा. लेसरचे तेज वर्षांनुवर्षे मंदावत जाते, वंगण घट्ट होते, तबकडीचा खण सरकविणारा रबरी पट्टा सैल पडतो, कपॅसिटरमधील द्राव सुकतो. दुरुस्तीचे कारागीर ज्याला नुसते 'लेन्स' म्हणतात तो भाग सामान्य यंत्रांसाठी आजही मिळतो. सोनीची केएसएस-२१३ ही त्यांतलीच. पण उंची यंत्रांतील खास लेन्स कधीच दुर्मीळ झाल्या, आणि मुकुटाच्या चिन्हाच्या आयसी तर खोट्या छापून विकल्या जातात. ग्लासगोच्या लिन कंपनीने अखंड धातूतून कोरलेला सीडी-१२ हा आपला प्लेअर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढला आणि २००९ साली सीडी प्लेअर बनविणेच थांबवीत असल्याचे जाहीर केले. नव्यांची स्थिती याहून निर्धास्त आहे असेही नाही. सर्व प्रकारच्या तबकड्या वाजविणाऱ्या उत्तम यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅलिफोर्नियाच्या ऑप्पो डिजिटलने २०१८ साली हा व्यवसाय आवरता घेतला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि अनेक नामांकित यंत्रांना लागणाऱ्या आयसींचा पुरवठाच तुटला. आपल्याकडे तबकड्यांच्या खरेदीचे माहेरघर असलेले मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले. यंत्र, सुटे भाग, तबकडी आणि दुकान या चारही आघाड्यांवर ही वहिवाट आक्रसत चालली आहे.

तेव्हा निकाल असा: १९८५ नंतर घडविलेले उंची यंत्र जर सुस्थितीत असेल, तर तबकडीवर जे आहे ते ऐकविण्यात ते आजच्या कोणत्याही यंत्राच्या बरोबरीने उभे राहते, आणि केवळ सालाकडे पाहून ते टाकून देण्यास काहीही आधार नाही. नवे घेण्याचे सबळ कारण एकच, ते म्हणजे लेन्स मिळण्याची आणि दुरुस्ती होण्याची हमी. ती हमी ज्या नव्या यंत्रासही नाही, ते दुकानातून आणल्या दिवशीच जुने समजावे. ज्यांच्या घरी अशी यंत्रे आहेत त्यांना माझी विनंती आहे की, ती महिन्यातून एकदोनदा तरी चालवावीत, त्यांचे दुरुस्तीचे माहितीपुस्तक मिळवून जपून ठेवावे, जुळणारी लेन्स हाती लागेल तेव्हाच एक जास्तीची घेऊन ठेवावी, आणि हाताशी असलेल्या कसबी कारागिराला त्याच्या श्रमांचे मोल कबूल करावे; कारण रेड बुकच्या कलमांना काळाचा स्पर्श होत नसला, तरी ती पाळणारे हात आपणच सांभाळावे लागतात.